लेकरू कोण सांभाळते, हेही विचारा

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. अहेरी परिसरातल्या एका गावची, आमच्या ओळखीची एक आजी दीड वर्षाच्या नातवाला कडेवर घेऊन एका दवाखान्यात गेली. लेकराला दोन दिवसांपासून हगवण लागली होती. डोळे खोल गेले होते, रडायचेही त्राण नव्हते. आई-वडील मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. केसपेपरच्या खिडकीवर विचारणा झाली, "पालक कोण?" आजीने खरे ते सांगितले, "पालक इथं नाहीत जी. मी तं आजी आहो."

तिथेच घोटाळा झाला. "पालकाला बोलवा, नाहीतर फोन लावून द्या," असे सांगण्यात आले. मिरचीच्या वावरात फोन लागेना. आजी बाकड्यावर बसून राहिली. दोन तासांनी एका सिस्टरचे लेकराकडे लक्ष गेले, तिने ताबडतोब वाटी-चमच्याने क्षारसंजीवनी सुरू केली आणि मग पुढचे उपचार झाले. लेकरू वाचले. सुट्टी देताना झिंकच्या गोळ्या कशा द्यायच्या ते फोनवर आईला नीट समजावून सांगितले. गोळ्यांची पट्टी मात्र आजीच्या हातात दिली. पाचव्या दिवशी आम्ही घरी गेलो तेव्हा पट्टी फळीवर होती. हगवण थांबली म्हणून आजीने गोळ्या थांबवल्या होत्या. त्या चौदा दिवस द्यायच्या असतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. ज्या आईला सांगितले होते, ती नदीपलीकडे होती.

या प्रकारात कोणा एका माणसाला दोष द्यावा, असे आम्हाला वाटत नाही. खिडकीवरच्या माणसाने कागदावरचा शब्द वाचला. आजीने त्या शब्दाचा तिला ठाऊक असलेला अर्थ धरला आणि स्वतःला त्यातून वगळले. जन्मल्यापासून त्या लेकराला न्हाऊ-माखू घालणारी, भरवणारी, रात्री उठून पाणी पाजणारी बाई म्हणते की मी पालक नाही. तेव्हा हा 'पालक' शब्द नेमका कोणाचा आहे, हे एकदा तपासून पाहायला हवे. आरोग्याच्या पानावर शब्दाची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण या शब्दापायी त्या लेकराचे दोन तास आणि औषधाचे दहा दिवस गेले. म्हणून हा विषय याच पानाचा आहे.

'पालक' या शब्दाचे मूळ 'पाल्' म्हणजे राखणे, रक्षण करणे. द्वारपाल, भूपाल, राज्यपाल हे त्याच घरातले शब्द. जिल्ह्याला पालकमंत्री असतो. तो जिल्ह्यात राहत नसला तरी पालकच असतो, कारण तिथे या शब्दाचा अर्थ अधिकार असा आहे. कायद्यातही तेच. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्या 'नंतर' आई, असे लिहिलेले आहे. वडील जिवंत असताना आईची सही चालणार नाही, असा त्याचा अर्थ लावला जाई. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' म्हणजे वडिलांच्या मरणानंतर असे नव्हे, त्यांच्या अनुपस्थितीतही, असा खुलासा केला. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात सरकारी कागदावर आईचे नाव लावणे बंधनकारक झाले. म्हणजे जन्म देणाऱ्या आईलाच कागदावर यायला इतकी वर्षे लागली. मग आजी, मावशी, आत्या, मोठी माय यांची पाळी कधी यायची?

शाळेत 'पालकसभा' असते, दवाखान्यात 'पालकाची सही' असते. अंगणवाडीत आणि उपकेंद्रात मात्र 'माता' असते. माता बैठक, माता समिती, माता व बाल संरक्षण कार्ड. अधिकाराचा प्रश्न आला की पालक आणि कामाचा प्रश्न आला की माता, अशी ही वाटणी आहे. या वाटणीने दोन्हीकडून अन्याय होतो. घरात लेकरू सांभाळणाऱ्या बाकीच्यांना कोणी काही सांगत नाही. आणि लेकराचे वजन घटले की बोल आईलाच लागतो, "आईचे लक्ष नाही." आषाढ-श्रावणात सकाळपासून चिखलात वाकून रोवणी करणारी, उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला जंगलात जाणारी बाई दुपारच्या वेळी लेकराजवळ असणार कशी? तिचे लक्ष नाही असे नाही, ती तिथे नाही. दुपारचा घास दुसरेच कोणीतरी भरवत असते. त्या हाताचे नाव आपल्या कोणत्याही कार्डावर नाही.

आपल्या बोलीत अशा माणसांना नावे नाहीत असे मुळीच नाही. आजी आहे, मोठी माय आहे, मावशी आहे, आत्या आहे. अहेरी-सिरोंचाकडच्या तेलुगू बोलणाऱ्या घरात आईच्या आईला अम्मम्मा आणि वडिलांच्या आईला नानम्मा म्हणतात. मुलचेऱ्याकडच्या बंगाली घरात दिदिमा आणि ठाकुरमा. माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या घरात त्यांचे स्वतःचे शब्द आहेत. यातल्या प्रत्येक शब्दात नाते आहे आणि नात्याबरोबर सांभाळही गृहीत धरलेला आहे. पण कागदावर येताना हे सारे शब्द गळून पडतात आणि उरतो एकटा 'पालक'.

सरकारी मराठीत हल्ली 'काळजीवाहक' असा एक शब्द दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकांच्या संगोपनाची जी चौकट मांडली, तिच्यात आईसोबत लेकराची रोजची काळजी घेणारी कोणतीही व्यक्ती धरलेली आहे. त्या व्यक्तीसाठी हा मराठी शब्द घडवला गेला. हेतू चांगला आहे. पण 'काळजीवाहू' म्हटले की आपल्या लोकांना काळजीवाहू मुख्यमंत्री आठवतो, म्हणजे दुसरा येईपर्यंत खुर्चीवर बसलेला. आजीला काळजीवाहक म्हटले तर तिला ते कळणारही नाही आणि कळले तरी आवडणार नाही. आमच्याकडे बायका सरळ विचारतात, "लेकरू कोणापाशी राहते? कोण सांभाळते?" सांभाळणारी हा शब्द आहे, सर्वांना कळतो, आणि पुरुष असेल तर 'सांभाळणारा' होतो. मग नवा शब्द घडवण्याचे कारण काय?

बौद्ध म्हणून आपल्याला तर या बाबतीत कोणाकडून शिकायची गरज नव्हती. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. त्याला दूध पाजून वाढवले ते मावशी महाप्रजापती गौतमीने. मरणापूर्वी महामायेने बाळ बहिणीच्या हाती सोपवल्याचा प्रसंग बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आवर्जून घेतला आहे. पुढे स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून आनंदाने तथागतांपुढे रदबदली केली, तेव्हा गौतमीसाठी त्याने वापरलेले शब्द विनयपिटकात आहेत. 'मातुच्छा' म्हणजे मावशी, हे नाते झाले. त्याच्या जोडीला 'आपादिका' आणि 'पोसिका' असे दोन शब्द येतात, म्हणजे संगोपन करणारी आणि पोसणारी. हे झाले काम. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की अंगुत्तर निकायात आई-वडिलांचे उपकार सांगताना हेच शब्द, आपादक आणि पोसक, आलेले आहेत. जन्मदात्यांसाठी एक शब्द आणि सांभाळणाऱ्या मावशीसाठी त्याहून हलका दुसरा, असा भेद तिथे नाही. जो पोसतो तो पोसक, मग नाते कोणतेही असो. आपल्या मराठीत 'पोसणे' हा शब्द जिवंत आहे, पण तो आपण पैसे कमावणाऱ्या पुरुषाच्या खात्यात टाकला. "मी सगळ्यांना पोसतो," असे घरातला कर्ता म्हणतो आणि प्रत्यक्ष घास भरवणारी गप्प बसते.

पुढचा इतिहासही पाहा. जोतीराव जेमतेम वर्षाचे असताना त्यांची आई चिमणाबाई वारली. त्यांना वाढवले मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी. सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळायचे काम करत. तिथे शिक्षणाचे मोल त्यांनी पाहिले आणि जोतीरावांच्या मनात ते रुजवले. बाबासाहेबांची आई भीमाबाई गेली तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. घर सांभाळले आणि भिवाला मायेने वाढवले ते आत्या मीराबाईंनी. मावशी, मावसबहीण, आत्या. या तिघींना आजच्या केसपेपरच्या खिडकीवर उभे केले असते, तर तिघींनाही "पालकाला बोलवा" असेच ऐकावे लागले असते. आपण महामानवांच्या जयंत्या करतो, माता भीमाबाईंना आणि माता रमाईंना वंदन करतो. मीराबाईंचे नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे?

दुसऱ्यांची लेकरे सांभाळणे हे ज्यांच्या पोटापाण्याचे काम आहे, त्यांच्या नावाचीही हीच कथा. 'आया' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. साहेबांच्या बंगल्यातून तो शाळा-दवाखान्यांत उतरला आणि 'आयाबाई' झाला. वॉर्डात काम करणारीला आपण 'मावशी' म्हणतो. शब्द प्रेमाचा आहे, पण मावशीला नाव नसते आणि पगाराबद्दल मावशीने बोलायचे नसते. सुईणीचे काम गावोगावी मांग, महार बायकांकडे होते. नाळ कापायला, बाळंतिणीला शेकायला त्यांचे हात चालत आणि काम संपले की त्याच हातांचा विटाळ होई. आणि त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणाला डोक्यावर छप्परही नसे, हे १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मुलीने 'ज्ञानोदया'त लिहून ठेवले आहे.

आज अंगणवाडीत 'सेविका' आणि 'मदतनीस' आहेत. कामाला सेवा म्हटले की मोबदल्याला वेतन म्हणता येत नाही, त्याचे 'मानधन' होते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला, तो त्यांच्या कामाचे मोल मान्य केल्यामुळेच. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता आणि पुढल्या वर्षी तो कायदा झाला. लेकराचा सांभाळ हा बाईचा खाजगी मामला नाही, समाजाने त्याचा खर्च उचलला पाहिजे, ही ती दृष्टी. २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असणे कायद्याने आवश्यक आहे. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला नेमून मजुरी द्यावी, अशी तरतूद केली. कामाच्या ठिकाणी झाडाखाली बसून पाच लेकरे राखणारी बाई मजूरच आहे, हे तिथे मान्य केलेले होते. तेंदूपानाच्या जंगलात आणि मिरचीच्या वावरात मात्र असे कोणी नेमलेले नसते. म्हणून लेकरू आजीपाशी राहते.

आता दोन आक्षेपांबद्दल. पहिला, सही आणि कायद्याचा. कोणीही लेकरू घेऊन आले आणि पालक म्हणून उभे राहिले तर गैरप्रकार होतील, दवाखाना अडचणीत येईल, असे काही जण म्हणतात. ही भीती खोटी नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आई-वडिलांना विचारावे, हे बरोबरच आहे. पण क्षारसंजीवनी पाजायला, ताप मोजायला, मलेरियाची तपासणी करायला कोणाची सही लागते? आणि कायदा समजतो तितका आखूडही नाही. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी केलेल्या कृतीला संमती देणाऱ्यांत जुन्या दंड संहितेने पालकासोबत मूल कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे अशी दुसरी व्यक्तीही धरली होती आणि नव्या न्याय संहितेतही ते कायम आहे. आई-वडिलांनी विश्वासाने लेकरू जिच्यापाशी ठेवले ती आजी कोणी परकी नव्हे. तेव्हा अडचण कायद्यापेक्षा जास्त रकान्याची आहे.

दुसरा आक्षेप आमच्यातल्याच काही बायकांनी घेतला. आजीला सांभाळणारी म्हणून कागदावर घेतले की बाप आणखी मोकळा होईल, आणि थोरल्या बहिणीच्या गळ्यात पडलेले काम कायमचे तिचेच होईल. हा आक्षेप आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. आमच्या गावांत नऊ-दहा वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन फिरताना दिसते आणि त्यासाठी शाळा बुडवते. तिला 'सांभाळणारी' म्हणून रकान्यात लिहिणे म्हणजे तिच्यावरचा अन्याय पक्का करणे होईल. म्हणून आमचे म्हणणे असे की रकान्यात अठरा वर्षांवरील व्यक्तीचेच नाव असावे. सांभाळणारी लहान मुलगीच आहे असे दिसले, तर तो रकाना रिकामा ठेवून अंगणवाडीने आणि शाळेने त्या घरी जावे. बापाचे नावही त्याच रकान्यात यावे, पण नुसते सहीसाठी नव्हे. गोळी कधी द्यायची हे त्यालाही विचारावे, बैठकीला त्यालाही बोलवावे.

सांभाळणाऱ्या हाताला ज्ञान दिले की काय होते, हे आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. त्यांना नाव दिले 'आरोग्यदूत'. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्याच पद्धतीवरून आज देशभर आशाताई बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी जातात आणि पुढे पंधराव्या महिन्यापर्यंतही त्यांच्या भेटी ठरलेल्या आहेत. पहिल्या ४२ दिवसांत आई घरी असते. नवव्या, बाराव्या महिन्यात ती रोवणीला किंवा मिरचीला गेलेली असते. तेव्हा आशाताईने "आई घरी नाही" असा शेरा मारून परत फिरू नये. जी घरी आहे तिच्याशी बोलावे.

म्हणून पुढच्या गोष्टी आम्ही इथे मुद्दाम सांभाळणारीसाठी लिहीत आहोत. ज्यांना वाचता येते त्यांनी त्या घरातल्या आजीला वाचून दाखवाव्यात.

लेकरू पीत-खात नसेल, पोटात गेलेले सगळे उलटून टाकत असेल, झटके आले असतील, किंवा सुस्त पडून जागे होत नसेल, तर एक क्षणही न थांबता दवाखाना गाठावा.

खोकला-सर्दी असेल तर लेकरू शांत असताना पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास असतील, तर तो न्यूमोनिया असू शकतो.

हगवणीत क्षारसंजीवनी थोडी थोडी पाजत राहावी, आईचे दूध आणि खाणे बंद करू नये. झिंकची गोळी सहा महिन्यांवरील लेकराला रोज एक आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, अशी पूर्ण चौदा दिवस द्यावी, हगवण थांबली तरीही.

आपल्या भागात ताप म्हणजे आधी मलेरियाची तपासणी, त्याच दिवशी.

आमची मागणी मोठी नाही. माता व बाल संरक्षण कार्डावर आणि केसपेपरवर आई-वडिलांच्या नावाखाली एक ओळ वाढवावी, "दिवसा लेकरू कोण सांभाळते?" तिथे नाते आणि नाव लिहावे. औषध जिच्या हातात द्यायचे, समजावूनही तिलाच सांगावे आणि तिच्याकडून एकदा वदवून घ्यावे. कागद बदलायला वेळ लागेल. तोवर काम करणाऱ्या भगिनींनी निदान प्रश्न बदलावा.

आणि आपणही एक करू शकतो. मिरचीला, तेंदूला किंवा दूरच्या कामाला निघण्यापूर्वी लेकराचे कार्ड आजीच्या हाती द्यावे, त्यात साध्या कागदावर "आमच्या गैरहजेरीत लेकराचा सांभाळ हिच्याकडे आहे, उपचाराला आमची संमती आहे" असे लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि फोन नंबर टाकावा. विहारात रविवारच्या वंदनेनंतर असे कागद लिहून द्यायला आम्ही सुरुवात केली आहे. पहिला कागद त्या आजीचाच लिहिला. तिने तो घडी करून कार्डात ठेवला आणि विचारले, "आता मले कोणी इचारलं तं का सांगू?" आम्ही सांगितले, "सांगा, लेकरू माझ्यापाशी आहे."